आमेनपुरता आवाज

पाळकबाईंना प्रार्थना करता येत नव्हती. चर्चच्या मंडळीत कुणी हे बोलून दाखवलं असतं, तर बोलणाऱ्यालाच सगळ्यांनी वेड्यात काढलं असतं. पाळकाची बायको आणि प्रार्थना येत नाही? पण खरं ते खरं. चर्चमधल्या पडद्यांची मापं बाईंना तोंडपाठ होती. प्रभुभोजनाचे पेले कुठल्या फडक्याने पुसले की डाग राहत नाहीत, कुठल्या म्हातारीला पंख्याखाली बसवायचं नाही आणि कुठल्या दोन जावांना एका बाकावर बसवायचं नाही, हे सगळं त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. फक्त डोळे मिटून, स्वतःच्या तोंडाने, देवाशी चार वाक्यं बोलायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

येणार तरी कशी? घरात पाळक होते. उठल्यावर प्रार्थना पाळकांची, निजताना पाळकांची, जेवणाआधी पाळकांची, मुलगी परीक्षेला निघाली की दारात तिच्या डोक्यावर हात ठेवून पाळकांचीच. आणि ती प्रार्थनाही कशी, तर हा माणूस समोरच्या खुर्चीत बसलेल्या कुणाशी तरी बोलतोय असं ऐकणाऱ्याला वाटावं. ठरीव शब्द त्यांना खपत नसत. “पाठ केलेलं देवाला ऐकवू नका, त्याला ते आधीच पाठ आहे,” असं ते उपदेशात म्हणायचे आणि मंडळी हसायची. अशा माणसाच्या शेजारी बसून दुसऱ्या कुणी कशाला तोंड उघडावं? नाटकातल्या नोकराला असतो तसा बाईंच्या वाट्याला एकच शब्द होता, आमेन, आणि लग्न झाल्यापासून तो त्यांनी एकदाही चुकवला नव्हता.

मधल्या वेळात त्या काय करायच्या, ते विचारू नये. डोळे मिटलेले, मान खाली आणि मन गॅसवर. दूध उतू गेलं का, गादीच्या खोळी वाळल्या असतील का, पाहुण्यांना अंडी पुरतील का. पाळक ‘आणि शेवटी, हे पित्या’ म्हणाले की बाई दूध सोडून लगबगीने परत यायच्या आणि बरोबर जागेवर आमेन ठेवायच्या. यात आपण काही लबाडी करतोय असं त्यांना कधी वाटलं नाही. एकाच्या कमाईवर घर चालतं, तसं त्यांचं घर एकाच्या विश्वासावर चाललं होतं, आणि छान चाललं होतं.

निवृत्त झाल्यावर दोघं चर्चच्या आवारातलं घर सोडून बेकरीच्या वरच्या दोन खोल्यांत राहायला आले. पहाटे खालून पावाचा वास यायचा आणि फरशी पायाला कोमट लागायची. मुलगी लग्न करून दूर गेली होती. दुसऱ्या वर्षी एका सकाळी दाढी करता करता पाळकांच्या हातून ब्रश पडला. बाईंनी “अहो, काय झालं?” म्हणून विचारलं, तर अर्ध्या चेहऱ्यावर साबण तसाच ठेवून ते त्यांच्याकडे बघत राहिले आणि तोंडातून जे आलं त्याला शब्द म्हणता येत नव्हतं. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. जीव वाचला. पाय फरफटत का होईना चालू लागला. उजवा हात मात्र लुळा पडला आणि बोलणं गेलं. पाटी देऊन पाहिली, पण डाव्या हाताने नुसत्या रेघा उमटल्या.

“त्यांना कळतं सगळं,” वाचा शिकवायला येणारी मुलगी म्हणाली. “आत शब्द आहेत. बाहेर यायची वाट बुजलीय.”

“मोकळी होईल का?”

“थोडीफार.” मुलगी सरळ होती, गोड खोटं बोलायला अजून शिकली नव्हती. “एक मात्र सांभाळा, बाई. ते एखादा शब्द काढायला लागले की तुम्ही तो पुरा करू नका. कितीही वेळ लागू दे. थांबायचं. तुम्ही पुरा केलात की तो त्यांचा राहत नाही.”

ती चित्रांचे पत्ते घेऊन यायची. कपबशी, छत्री, मांजर. पाळक ‘आ’ म्हणायचे, ‘ऊ’ म्हणायचे. ‘म’साठी ओठ मिटता मिटायचे नाहीत, लाळ गळायची, कपाळावर घाम यायचा. ज्या माणसाच्या बोलण्याने भरल्या चर्चमध्ये टाचणी पडली तरी ऐकू यावी, तो मांजराच्या चित्रापुढे हात टेकून बसायचा. बाई तेवढ्यात आतल्या खोलीत जाऊन स्वच्छ भांडी पुन्हा घासायच्या.

इस्पितळातून घरी आल्यावर पहिल्यांदा दोघं टेबलाशी बसले, तेव्हाच खरी पंचाईत झाली. बाईंनी मऊ भात आणि सूप वाढलं. पाळकांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून टेबलावर ठेवला, त्यावर डावा ठेवला, डोळे मिटले आणि तोंड उघडलं. काहीच आलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले आणि बाईंकडे पाहिलं. बाईंनी सुपाकडे पाहिलं. पाळक बघतच राहिले.

“आमेन,” बाई म्हणाल्या. “जेवा आता, गार होतंय.”

पाळकांच्या चेहऱ्याची चांगली बाजू हसली. घरातल्या जुन्या विनोदाला हसावं तसे ते हसले आणि जेवले. पण बाईंच्या मनात पाल चुकचुकली. आज हसण्यावारी गेलं, उद्या काय?

त्यातून वायरमनने सोडवलं. वायरमन म्हणजे मंडळीतला एक जुना भाऊ. चर्चचे दिवे, पंखे, माईक सगळं तोच बघायचा आणि हौस म्हणून पाळकांचे उपदेश, प्रार्थना वर्षानुवर्षं कॅसेटवर घेऊन ठेवायचा. तो एक दिवस टेप आणि कॅसेटींनी भरलेलं खोकं घेऊन जिना चढून आला. पाळकांपुढे त्याला धड बोलता येईना. “करमणूक होईल, पाळकसाहेब,” एवढं म्हणून त्याने प्लग लावून दिला आणि डोळे पुसत खाली उतरला.

त्या खोक्यात बाईंना जेवणाची प्रार्थना सापडली. मंडळीच्या एका सहलीत, झाडाखाली पंगत बसली असताना वायरमनने ती घेतली होती. दुसऱ्या दिवशी ताट वाढून झाल्यावर बाईंनी बटण दाबलं. खोलीत पाळकांचा आवाज आला, अगदी पूर्वीचा. पाळक दचकले. मग त्यांनी डोळे मिटले आणि त्यांचा चेहरा शांत झाला. कॅसेटवर शेवटी सगळी पंगत आमेन म्हणाली, त्यात बाईंचाही आवाज होता, आणि खोलीतल्या बाईही वर आणखी एक म्हणाल्या. पाळक पोटभर जेवले. बाईंचा जीव भांड्यात पडला.

मग तेच सुरू झालं. दोन्ही वेळा जेवण, दोन्ही वेळा बटण. त्या प्रार्थनेत पाळक आजच्या स्वच्छ उन्हाबद्दल आभार मानायचे, तेव्हा बाहेर पाऊस असला तरी बाई मान डोलवायच्या. या हिरव्या गवतावर खेळणाऱ्या लेकरांबद्दल आभार मानायचे, तेव्हा खोलीत दोन म्हातारी माणसं आणि एक औषधांचा डबा असायचा. मध्येच कॅसेटवर कुणाचा तरी चमचा पडायचा, आणि त्यानंतर लगेच एक पोरगं शिंकायचं. बाईंना ती शिंक इतकी सवयीची झाली की ती आली की त्या सुपावरचं झाकण काढायला हात पुढे करायच्या.

“आई, तूच का नाही करत प्रार्थना?” मुलगी फोनवर म्हणाली.

“मला येतं का बाई ते.”

“त्यात काय यायचंय?”

“तुला काय जातंय बोलायला. तू तुझ्या घरी करतेस का?”

मुलीने एकदम पाळकांच्या गोळ्यांचं विचारलं, आणि मग दोघी त्याबद्दलच बोलल्या. बाईंनी वेळ मारून नेली आणि फोन ठेवून त्या वळल्या. पाळक खिडकीपाशी बसून त्यांच्याकडे बघत होते. अलीकडे ते असे फार बघायचे. कॅसेट लागली की आता पहिल्यासारखे डोळे मिटायचे नाहीत. स्वतःच्या आवाजाकडे एखाद्या परक्या माणसाकडे बघावं तसे टेपकडे बघत बसायचे. बाईंच्या ते लक्षात आलं होतं, पण लक्षात आलेलं सगळं मनावर घेतलं तर दिवस कसा ढकलायचा?

अशात एके दिवशी दुपारी खालची बेकरीवाली वर आली. तिच्या हाताला पीठ तसंच होतं. नवरा भट्टीपुढे कोसळला होता, डोक्याला मार लागला होता, संध्याकाळी डोकं उघडून शस्त्रक्रिया करायची होती. बेकरीवाली मंडळीतलीच. गेली कित्येक वर्षं घरात काही झालं की तिचे पाय आपोआप पाळकांकडे वळायचे. त्याच सवयीने ती आली, पाळकांच्या खुर्चीपुढे गुडघे टेकले, आणि मग तिला आठवलं की यांना तर बोलता येत नाही. तिचा चेहरा कावराबावरा झाला. पाळकांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला, तोंड उघडलं, “आ” म्हणाले, “आ” म्हणाले, आणि त्यांनी बाईंकडे पाहिलं.

बेकरीवालीनेही बाईंकडे पाहिलं. “तुम्ही करा ना, पाळकबाई. दोन शब्द चालतील.”

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. दोन शब्द. लग्नापासून आजवर ऐकलेल्या शब्दांतले दोन सापडू नयेत? त्या आत चाचपून पाहू लागल्या, आणि आत काही नव्हतं. पाळकांची वाक्यं होती, हवी तितकी, पण ती उचलायला गेलं की हातात फक्त आवाजाची चाल यायची. समोर एका बाईचा नवरा मरायला टेकला होता आणि पाळकबाईंच्या मनात येत होतं की हिच्या गुडघ्यांचं पीठ सतरंजीला लागतंय. स्वतःचीच त्यांना शिसारी आली.

“थांब हं,” त्या म्हणाल्या. त्या खोक्याकडे गेल्या. एका कॅसेटवर वायरमनच्या अक्षरात ‘आजाऱ्यासाठी’ असं लिहिलं होतं. बाईंनी ती लावली.

आवाज आला. बेकरीवालीने हुंदका देऊन मान खाली घातली. पाळक कॅसेटवर म्हणत होते की, प्रभू, आमचा हा भाऊ तुझ्या हातात आहे, डॉक्टरांच्या हातांवर तुझा हात ठेव. बेकरीवाली हो हो करत होती. बाईंना वाटलं, निभावलं. आणि मग कॅसेटवरचे पाळक म्हणाले, याच भावाने आपल्या बोटांनी आयुष्यभर तुझ्या घरात ऑर्गन वाजवला, त्या बोटांना पुन्हा बळ दे.

बेकरीवालीचं रडणं थांबलं. तिने मान वर केली. बाई बटणाकडे धावल्या, पण घाईत भलतंच बटण दाबलं गेलं आणि आवाज मोठा झाला. ऑर्गनवाल्या काकांची बोटं, ऑर्गनवाल्या काकांची म्हातारी बायको, त्यांना परत मिळायचे चांगले दिवस, सगळं खोलीभर घुमलं. शेवटी टेप बंद झाला, पण तो बाईंनी केला नाही. पाळक खुर्चीतून उठले होते. पाय ओढत भिंतीपर्यंत गेले आणि डाव्या हाताने त्यांनी प्लग उपटून काढला.

“ऑर्गनवाले काका त्याच दुखण्यात गेले ना?” बेकरीवालीने हळूच विचारलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तेच बाईंना जास्त लागलं. ती उठली, सतरंजीवरचं पीठ पदराने झटकलं, “येते, बाई. जरा घाई आहे,” म्हणाली आणि गेली. तिला जिन्यापर्यंत पोहोचवायचंही बाईंना सुचलं नाही.

पाळक भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्या हातात वायर होती. त्यांनी ती खाली ठेवली नाही, बाईंनीही मागितली नाही.

त्या संध्याकाळपासून पाळकांनी जेवण सोडलं. म्हणजे उपास धरला असं नाही. ताटापुढे येऊन बसायचे, हातावर हात ठेवायचे आणि बाईंकडे बघत राहायचे. बाईंनी टेपचा प्लग लावला की मान हलवायचे, नाही. बाईंनी “आमेन” म्हटलं की मान हलवायचे. आता ते हसत नव्हते. बाईंनी चमचा त्यांच्या तोंडाशी नेला, तर त्यांनी ओठ घट्ट मिटले. जे ओठ वाचा शिकवणाऱ्या मुलीपुढे ‘म’साठी मिटत नव्हते, ते असे मिटले की बाई बघतच राहिल्या. गोळ्या घ्यायच्या म्हणून दूध तेवढं प्यायचे.

दुसऱ्या दिवशी बाईंनी धीर करून पाळकांचीच प्रार्थना म्हणायला घेतली. ‘हे स्वर्गीय पित्या, तुझ्या भरल्या हातातून’, असं सुरू केलं आणि पुढचं अडखळत का होईना म्हटलं. पाठ तर सगळंच होतं. स्वच्छ उन्हापर्यंत आल्या, तेव्हा पाळकांनी टेबलावर हात आपटला. जोरात नाही. भांडी हलली इतकंच. त्या पोराच्या शिंकेपर्यंत पोहोचायची वेळच आली नाही.

बाईंनी नव्या पाळकांना बोलावून घेतलं. बिचारे तरुण होते, पळत आले. त्यांनी टेबलाशी बसून मनापासून प्रार्थना केली. म्हाताऱ्या पाळकांनी डोळे मिटून ऐकली, डाव्या हाताने त्यांची पाठ थोपटली, आणि मग पुन्हा बाईंकडे पाहिलं. ताटाला हात लावला नाही. नवे पाळक बाईंकडे पाहू लागले. बाई उठल्या आणि पाणी आणायला म्हणून आत गेल्या. पाणी टेबलावरच होतं.

“दुखण्यात माणूस हट्टी होतो,” डॉक्टर म्हणाले. “पण वजन उतरतंय. असंच चाललं तर नळी घालावी लागेल.”

वाचा शिकवणाऱ्या मुलीला बाईंनी विचारलं, “हे मुद्दाम करतात की त्यांच्या डोक्यात काही अडकलंय?”

“मला नाही सांगता येणार,” मुलगी म्हणाली. “तुम्हाला काय वाटतं?”

बाईंना काय वाटत होतं? एकदा वाटायचं, यांना कळून चुकलंय. त्या दिवशी बेकरीवाली गुडघ्यावर बसली असताना यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि आतली रिकामी खोली यांना दिसली. मग वाटायचं, छे, हे आजारी आहेत, लहान मूल जसं आपल्याच वाटीसाठी अडून बसतं तसे बसलेत. विचारावं तर उत्तर कुठून येणार? आणि समजा हे खरंच वाट बघतायत, तरी जे नाही ते आणायचं कुठून? बाई रिकाम्या वेळी प्रयत्न करायच्या. पलंगाच्या कडेला बसून डोळे मिटायच्या. ‘देवा’ म्हणायच्या आणि पुढे मोरीतल्या नळाचं टपटप ऐकू यायचं. पाळकांच्याच एका उपदेशात होतं की, ज्याचं मन त्यानेच राखावं, दुसऱ्याने पाणी घालून वाढवलेलं झाड आपलं होत नाही. हा उपदेश पाळकांनी स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत तयार केला होता, आणि बाईंनी त्या वेळी ‘छान झालाय’ म्हणून त्यांच्या कॉलरला इस्त्री केली होती. तेव्हा तो कुणासाठी आहे, असं मनातही आलं नव्हतं.

बेकरी बंदच होती. फरशी गार पडली होती. नवरा शस्त्रक्रियेतून वाचला, पण शुद्धीवर आला नाही, असं जिन्यात कुणीतरी सांगितलं. बाईंना खाली जायचा धीर झाला नाही.

आणि मग ती दुपार आली. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी नळी घालायला बोलावलं होतं. बाईंनी सूप केलं, भात अगदी पेजेसारखा मऊ केला. पाळक येऊन बसले. सदरा अंगावर लोंबत होता. त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून टेबलावर ठेवला, आणि तो उचलतानाही त्यांना दम लागला. मग नेहमीसारखं बाईंकडे पाहिलं.

बाईंचा तोल सुटला.

“काय बघताय?” त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही, उलट इतका खाली गेला की त्यांना स्वतःलाच तो ओळखता येईना. “नाही येत मला. कळलं? नाही येत. कधी केलीच नाही. तुम्ही डोळे मिटून बोलायचात आणि मी दुधाचा विचार करायचे. आमेन म्हणायचे ते तुमचा आवाज खाली आला म्हणून. तुम्ही काय मागितलंत, कुणासाठी मागितलंत, मला निम्म्याच्या वर आठवत नाही. आपली मुलगी तापाने फणफणली होती त्या वेळीसुद्धा तुम्ही मागत होतात आणि मी तुमच्याकडे बघत होते. मला वाटलं, तुम्ही मागताय ना, मग झालं.”

पाळक ऐकत होते.

“आणि तुम्ही तरी कधी विचारलंत का? सगळ्या मंडळीला विचारत होतात, तुझं मन कसं आहे, तुझा विश्वास कसा आहे. दारूड्याला विचारलंत, तुरुंगातल्या माणसाला विचारलंत. मी रोज समोर बसायचे. मला एकदा विचारायचं होतंत. तेव्हा विचारलं असतंत तर काही शिकले तरी असते. आता गप्प झाल्यावर विचारताय?”

हे बोलून झालं आणि बाई घाबरल्या. पाळकांचा चेहरा बदलला होता. लुळी बाजू तशीच होती, चांगली बाजू मात्र कोसळली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं आणि ते पुसायला त्यांनी हात हलवला नाही. मंडळीतल्या कितीतरी लोकांना त्यांनी दिलासा दिला होता, पण आत्ता त्यांच्यापाशी बायकोला द्यायला एक शब्द नव्हता. क्षमा मागायची असेल तर तिच्यासाठीही नव्हता. त्यांनी फक्त मान खाली घातली आणि डोळे मिटले. वाट बघणाऱ्या माणसाने मिटावेत तसे नाही. चर्चमध्ये मागच्या बाकावर उशिरा येऊन बसलेला माणूस मिटतो तसे.

बाईंना त्यांची ती वाकलेली मान बघवेना. इतक्या वर्षांत त्यांनी ती कधी वरून पाहिली नव्हती, कारण त्या वेळी त्यांचीही मान खाली असायची. मानेवरची हाडं वर आली होती.

“देवा,” बाई म्हणाल्या.

पाळकांची वाक्यं लगेच पुढे आली, भरलेले हात, स्वच्छ ऊन. बाईंनी ती जाऊ दिली. मग बराच वेळ काहीच नव्हतं.

“देवा, मला बोलता येत नाही. तुझ्याशी. यांनाही येत नाही आता. जेवण गार झालंय. हे जेवत नाहीत, उद्या यांना नळी घालतील. खालच्या बाईचा नवरा शुद्धीवर नाही. ती माझ्याकडे आली होती आणि मी तिला मेलेल्या माणसाची प्रार्थना ऐकवली. मला दुसरं काही सुचलं नाही. त्या माणसाला बरं कर. तू आहेस असं हे म्हणायचे. मी यांच्यावर विश्वास ठेवला. तुझ्यावर ठेवला की नाही, ते कधी बघितलंच नाही. आता बघतेय तर काही सापडत नाही. तू मला ओळखतोस की नाही, तेही मला ठाऊक नाही. यांना जेवू दे. मला भीती वाटते.”

आणखी काही बोलायचं असतं का, ते त्यांना कळेना. ‘आणि शेवटी’ म्हणावं, तर शेवटी म्हणण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्या थांबल्या.

खोलीत काहीच आवाज नव्हता. खालची भट्टी बंद, टेप बंद. बाई वाट बघत होत्या, आणि कशाची ते त्यांना जरा उशिराने उमगलं. आता आमेनची जागा होती. ती जागा त्यांना अंगवळणी होती. शब्द जिभेवर आयता आला होता, इतक्या वर्षांचा, एकदाही न चुकलेला. पण आज तो त्यांच्या वाट्याचा नव्हता.

पाळकांनी तोंड उघडलं.

“आ,” ते म्हणाले.

ओठ थरथरले, जवळ आले, मिटायच्या आधी सुटले. त्यांनी श्वास घेतला. “आ.” कपाळावर घाम आला. हनुवटीवर लाळ उतरली. बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. एका शब्दाचं काम होतं, आणि तो त्या झोपेतही पुरा करू शकल्या असत्या. पण वाचा शिकवणाऱ्या मुलीने सांगितलं होतं, पुरा करायचा नाही. तुम्ही पुरा केलात की तो त्यांचा राहत नाही.

“आ,” पाळक म्हणाले. “आ. आ.”

बाई थांबल्या. सुपावर साय धरली. खिडकीतलं ऊन टेबलावरून भिंतीकडे सरकलं. पाळक दमले, थोडे टेकले, पुन्हा पुढे झाले आणि पुन्हा तेवढंच आलं. शेवटी त्यांनी तोंड मिटलं आणि बाईंकडे पाहिलं. बाईंनीही त्यांच्याकडे पाहिलं.

आमेन झालंच नाही. पाळकांनी डावा हात उजव्यावरून काढला, चमचा उचलला आणि गार सुपात बुडवला.

पहिल्या घोटातलं निम्मं सूप सदऱ्यावर सांडलं. बाईंनी ते पुसलं. दुसऱ्या घोटातलंही पुसलं. पाळक हळूहळू जेवत राहिले आणि बाई हातात फडकं घेऊन शेजारी बसल्या. संध्याकाळी पुन्हा ताट वाढायचं होतं, आणि तेव्हा काय बोलायचं ते त्यांना माहीत नव्हतं.